मरे बार

मरे लुएलिन बार (२० जून १९०८ – ४ मे १९९५) हे कॅनडातील वैद्य, शरीररचनाशास्त्रज्ञ आणि मानवी पेशीआनुवंशिकीच्या आद्य संशोधकांपैकी एक होते. मादी सस्तन प्राण्यांच्या पेशीकेंद्रकात आढळणारा आणि नराच्या पेशीकेंद्रकात सामान्यतः न आढळणारा गडद ठिपका त्यांनी आपले विद्यार्थी युअर्ट जॉर्ज बर्ट्रॅम यांच्यासह १९४९ मध्ये प्रसिद्धीस आणला. हा ठिपका पुढे 'लिंग क्रोमॅटिन' आणि 'बार बॉडी' (बार पिंड) या नावांनी ओळखला जाऊ लागला. हा शोध मांजरांच्या चेतापेशींचा अभ्यास करताना लागला. काळा, केशरी व पांढरा असे तिन्ही रंग अंगावर असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते, या जुन्या कोड्याचे उत्तरही पुढे याच ठिपक्याच्या आधारे मिळाले. बार यांनी स्वतः मांजरांच्या रंगांवर कधीही संशोधन केले नव्हते.

जन्म व शिक्षण

बार यांचा जन्म कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील बेलमाँट या खेड्याजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. जवळच्याच लंडन या शहरातील (इंग्लंडच्या राजधानीशी या शहराचे केवळ नामसाधर्म्य आहे) वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातून त्यांनी १९३० मध्ये बी.ए. आणि १९३३ मध्ये वैद्यकाची एम.डी. ही पदवी मिळवली. त्यानंतर अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईरी येथील रुग्णालयात त्यांनी आंतरवासिता पूर्ण केली. १९३४ मध्ये त्यांचा रूथ किंग यांच्याशी विवाह झाला.

कॅनडात परतल्यावर त्यांनी सुमारे दोन वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय केला. मात्र चेतासंस्थेच्या रचनेची ओढ असल्याने १९३६ मध्ये ते आपल्याच विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात शिक्षक म्हणून रुजू झाले. १९३८ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते रॉयल कॅनेडियन हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते आणि विंग कमांडर या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्ध संपल्यावर ते विद्यापीठात परतले आणि सेवानिवृत्तीपर्यंत तेथेच राहिले.

पार्श्वभूमी : मांजराचा रंग आणि लिंग

बार यांच्या शोधाचे महत्त्व समजण्यासाठी त्यापूर्वीची परिस्थिती पाहणे आवश्यक आहे. काळे-केशरी (दुरंगी) आणि काळे-केशरी-पांढरे (तिरंगी) मांजर बहुधा मादी असते, बोका क्वचितच असतो, हे मांजरे पाळणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. जपानमध्ये तिरंगी बोका दुर्मीळ असल्यामुळे खलाशी त्याला शुभ मानत. विसाव्या शतकाच्या आरंभी मेंडेलचे नियम पुन्हा प्रकाशात आल्यावर या निरीक्षणाकडे आनुवंशिकीच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. केंब्रिज येथील प्राणिशास्त्रज्ञ लिओनार्ड डॉनकॅस्टर यांनी १९०४ मध्ये दुरंगी मांजरांच्या आनुवंशिकतेवर लेख लिहिला. १९१२ मध्ये अमेरिकेतील क्लॅरेन्स कुक लिटल यांनी केशरी रंगाचा घटक लिंगाशी संलग्न असल्याचे प्रतिपादन केले.

मांजराच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या, म्हणजे एकूण ३८ गुणसूत्रे असतात. त्यांपैकी एक जोडी लिंगगुणसूत्रांची असते. मादीत दोन एक्स, तर बोक्यात एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असते. केशरी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्याची एक आवृत्ती असल्यास केसांत काळ्या रंगद्रव्याऐवजी केशरी रंगद्रव्य तयार होते. दुसरी आवृत्ती असल्यास काळा रंग कायम राहतो. बोक्याजवळ एकच एक्स असल्यामुळे तो एकतर केशरी किंवा काळा असतो. मादीला एक एक्स आईकडून व एक वडिलांकडून मिळतो, त्यामुळे तिच्यात दोन्ही आवृत्त्या एकत्र येऊ शकतात.

याचा प्रत्यय पिल्लांमध्ये येतो. केशरी बोका आणि काळी मांजरी (भाटी) यांच्या पिल्लांत सर्व माद्या दुरंगी आणि सर्व बोके काळे निपजतात. उलट, काळा बोका आणि केशरी मांजरी यांच्या पिल्लांत सर्व माद्या दुरंगीच असतात, पण सर्व बोके केशरी असतात. मुलग्याला वडिलांकडून वाय गुणसूत्र मिळते व एक्स केवळ आईकडून येतो, हे यामागील कारण आहे. केशरी बोके केशरी मांजरींपेक्षा अधिक संख्येने आढळतात, याचेही कारण हेच आहे. बोक्याला केशरी होण्यासाठी जनुकाची एक प्रत पुरते, मांजरीला दोन्ही प्रती केशरी असाव्या लागतात.

पांढरा रंग मात्र लिंगगुणसूत्रांवर अवलंबून नसतो. तो दुसऱ्या एका गुणसूत्रावरील जनुकामुळे येतो आणि म्हणून बोक्यांतही सर्रास दिसतो.

एवढे समजूनही एक प्रश्न सुटत नव्हता. दोन्ही आवृत्त्या असलेल्या मादीचा सर्व अंगभर एकच मिश्र रंग का होत नाही? काळे आणि केशरी ठिगळ वेगवेगळे का पडतात? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी सुमारे अर्धशतक जावे लागले.

१९४९ चा शोध

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बार आणि बर्ट्रॅम यांचे काम वेगळ्याच प्रश्नावर चालू होते. दीर्घकाळ काम करून थकलेल्या चेतापेशीत कोणते बदल होतात, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी मांजराच्या जिभेच्या स्नायूंना चालवणारी चेता निवडली. ही चेता विद्युतप्रवाहाने दीर्घकाळ उद्दीपित करून नंतर मेंदूतील तिच्या मूळ पेशींचे पातळ काप घेतले जात. ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जात. चेतापेशीच्या केंद्रकातील केंद्रिकेजवळ एक लहान, गडद रंग घेणारा ठिपका दिसे. उद्दीपनानंतर पेशी पूर्वस्थितीला येत असताना हा ठिपका केंद्रिकेपासून दूर सरकतो, असे त्यांच्या लक्षात आले. त्याला त्यांनी केंद्रिकेचा उपग्रह असे नाव दिले होते.

काम चालू असताना काही मांजरांच्या पेशींत हा ठिपका दिसेनासा झाला. काप व रंगकाम तेच असूनही काही प्राण्यांत तो जवळजवळ प्रत्येक पेशीत होता आणि काहींत जवळजवळ नव्हताच. नोंदवहीत प्रत्येक प्राण्याचे लिंग लिहिलेले होते. नोंदी पडताळल्यावर ठिपका असलेली मांजरे माद्या आणि नसलेली मांजरे बोके असल्याचे स्पष्ट झाले. लिंग ही त्या प्रयोगातील अभ्यासाची बाब नव्हती. ती केवळ शिस्त म्हणून नोंदवलेली माहिती होती. तीच निर्णायक ठरली.

३० एप्रिल १९४९ रोजी 'नेचर' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. तोपर्यंत नर व मादी यांच्यातील भेद जननेंद्रिये, जननपेशी आणि संप्रेरके यांच्या आधारे ओळखला जाई. विभाजन न होणाऱ्या, शरीरातील सामान्य पेशीतही हा भेद सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतो, हे या लेखाने दाखवून दिले. पुढील काही वर्षांत बार यांच्या प्रयोगशाळेने आणि इतरांनी हा ठिपका इतर ऊतींत व मानवासह इतर सस्तन प्राण्यांतही शोधला.

ठिपक्याचा अर्थ

हा ठिपका नेमका कशाचा बनलेला आहे, याविषयी बार यांचा आरंभीचा अंदाज पूर्णपणे बरोबर नव्हता. मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांचे काही भाग एकत्र येऊन तो बनत असावा, असे त्यांना वाटत होते. १९५९ मध्ये सुसुमू ओहनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरवर्गीय प्राण्याच्या पेशींचा अभ्यास करून हा ठिपका म्हणजे घट्ट गुंडाळले गेलेले एकच एक्स गुणसूत्र असल्याचे दाखवले. दुसरे एक्स गुणसूत्र इतर गुणसूत्रांप्रमाणे सैल अवस्थेत राहते.

१९६१ मध्ये इंग्लंडमधील मेरी लायन यांनी या निष्कर्षाला उंदरांच्या ठिपकेदार रंगांची जोड दिली. मादी भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत प्रत्येक पेशीतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते. ते आईचे असेल की वडिलांचे, हे त्या पेशीपुरते यदृच्छेने ठरते. एकदा निवड झाली की त्या पेशीपासून पुढे तयार होणाऱ्या सर्व पेशी तीच निवड पाळतात. त्यामुळे मादीचे शरीर दोन प्रकारच्या पेशीसमूहांचे मिश्रण असते. या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून लायन यांनी दुरंगी मांजराचाही उल्लेख केला. हा सिद्धान्त लायन गृहीतक म्हणून प्रसिद्ध आहे.

अशा रीतीने मांजराच्या मेंदूतील ठिपका आणि मांजराच्या कातडीवरील ठिगळ यांचा संबंध जुळला. दुरंगी मांजरीच्या ज्या रंगपेशींत काळ्या आवृत्तीचे एक्स गुणसूत्र बार बॉडी होऊन निष्क्रिय होते, त्या केशरी केस निर्माण करतात. ज्यांत केशरी आवृत्तीचे गुणसूत्र निष्क्रिय होते, त्या काळे केस निर्माण करतात. रंगपेशी भ्रूणाच्या पाठीकडील भागातून निघून त्वचेत पसरतात. त्यांचे लहान समूह एकमेकांत मिसळले, तर अंगावर बारीक संमिश्र रंग दिसतो. पांढऱ्या रंगाचे जनुक असल्यास रंगपेशींची संख्या कमी होते, उरलेल्या प्रत्येक पेशीला अधिक जागा मिळते आणि ठिगळ मोठे व ठळक होतात. तिरंगी मांजराचे ठिगळ दुरंगी मांजरापेक्षा मोठे असण्याचे हे कारण आहे.

तिरंगी बोका

तिरंगी बोके क्वचित आढळतात. त्यांचे स्पष्टीकरणही १९६१ मध्येच मिळू लागले. त्या वर्षी अमेरिकेतील थुलीन आणि नॉर्बी या संशोधकांनी अशा बोक्यांत ३८ ऐवजी ३९ गुणसूत्रे असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्यात दोन एक्स आणि एक वाय गुणसूत्र होते. वाय गुणसूत्रामुळे शरीर नराचे होते, पण दोन एक्स असल्यामुळे त्यांपैकी एक निष्क्रिय होऊन दोन रंग उमटतात. अशा बोक्याच्या पेशीत बार बॉडी दिसते. हे बोके बहुधा प्रजननक्षम नसतात. पुढे प्रजननक्षम तिरंगी बोकेही आढळले. त्यांतील काही दोन भ्रूण एकत्र होऊन घडलेल्या शरीराचे असल्याचे दिसून आले.

मानवातही याच प्रकारची गुणसूत्ररचना आढळते. तिला क्लाइनफेल्टर लक्षणसमूह म्हणतात.

निदानातील उपयोग

बार बॉडी पाहण्यासाठी आरंभी त्वचेचा लहान तुकडा काढावा लागे. १९५५ मध्ये बार आणि त्यांचे विद्यार्थी कीथ मूर यांनी अधिक सोपी रीत प्रसिद्ध केली. गालाच्या आतील बाजूस हलके खरवडून निघालेल्या पेशी काचपट्टीवर पसरवायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, एवढेच तिचे स्वरूप होते. ही चाचणी स्वस्त, वेदनारहित आणि लहान मुलांवरही करता येण्याजोगी होती. मूर यांनी पुढे लिहिलेली शरीररचनाशास्त्र व भ्रूणशास्त्रावरील पाठ्यपुस्तके भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही परिचित आहेत.

ज्या बालकांच्या बाह्य जननेंद्रियांवरून लिंग स्पष्ट होत नाही, त्यांच्या निदानासाठी ही चाचणी प्रथम उपयोगी पडली. त्याचबरोबर अनपेक्षित निष्कर्षही समोर आले. क्लाइनफेल्टर लक्षणसमूह असलेल्या अनेक पुरुषांत बार बॉडी आढळली आणि टर्नर लक्षणसमूह असलेल्या अनेक स्त्रियांत ती आढळली नाही. १९५९ मध्ये गुणसूत्रे प्रत्यक्ष मोजली गेली, तेव्हा पहिल्या गटात दोन एक्स व एक वाय, तर दुसऱ्या गटात केवळ एक एक्स गुणसूत्र असल्याचे सिद्ध झाले. पेशीतील एक्स गुणसूत्रांच्या संख्येतून एक वजा केल्यास बार बॉडींची संख्या मिळते, हा नियम त्यातून स्थिर झाला. १९६१ मध्ये बार यांनी डी. एच. कार आणि ई. आर. प्लंकेट यांच्यासह चार एक्स गुणसूत्रे असलेल्या दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. बौद्धिक अक्षमतेच्या काही प्रकारांमागे गुणसूत्रांच्या संख्येतील फरक असतो, हे समजण्यास अशा अभ्यासांनी हातभार लावला.

चाचणीचा इतर क्षेत्रांतील वापर

क्रीडाक्षेत्र

१९६८ च्या ऑलिंपिक स्पर्धांपासून महिला खेळाडूंची पात्रता तपासण्यासाठी गालाच्या पेशींची ही चाचणी वापरली जाऊ लागली. परंतु बार बॉडी केवळ एक्स गुणसूत्रांची संख्या सांगते. शरीराची वाढ, संप्रेरकांचा परिणाम किंवा व्यक्तीची ओळख ती सांगत नाही. वाय गुणसूत्र असूनही पुरुषी संप्रेरकांना शरीर प्रतिसाद देत नसलेल्या स्त्रिया या चाचणीत अपात्र ठरत. स्पेनच्या अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो यांना १९८५ मध्ये कोबे येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत या कारणावरून वगळण्यात आले. दीर्घ प्रयत्नांनंतर १९८८ मध्ये त्यांची पात्रता पुन्हा मान्य झाली. दुसऱ्या बाजूने पाहता, तिरंगी बोक्याप्रमाणे दोन एक्स व एक वाय असलेला पुरुष हीच चाचणी सहज पार करू शकला असता. आनुवंशिकीतज्ज्ञांच्या सातत्यपूर्ण विरोधानंतर ऑलिंपिकमध्ये १९९२ पासून बार बॉडीची चाचणी बंद झाली. तिची जागा डीएनएवर आधारित चाचणीने घेतली. सरसकट सर्व महिला खेळाडूंची लिंगतपासणी २००० च्या सिडनी ऑलिंपिकपूर्वी थांबवण्यात आली.

गर्भलिंगनिदान

१९५५–५६ या काळात जेरुसलेम, कोपनहेगन आणि अमेरिकेतील संशोधकांनी गर्भजलातील पेशींत बार बॉडी पाहून जन्मापूर्वी लिंग ओळखता येते, हे दाखवले. १९६० मध्ये कोपनहेगन येथील फुक्स आणि रीस यांनी हिमोफिलियासारख्या, मुलग्यांत प्रकट होणाऱ्या आनुवंशिक रोगाच्या प्रतिबंधासाठी तिचा वापर केला. गंभीर आजाराचा धोका टाळणे हा त्यामागील हेतू होता.

भारतात गर्भजल तपासणी १९७० च्या दशकात आनुवंशिक विकारांच्या निदानासाठी आली, परंतु लवकरच तिचा उपयोग मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी होऊ लागला. मुंबईतील स्त्री संघटना, डॉक्टर व कार्यकर्ते यांनी १९८० च्या दशकात याविरुद्ध मोहीम उभारली. त्याचा परिणाम म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य होते. केंद्रीय कायदा १९९४ मध्ये संमत झाला, १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये त्यात सुधारणा होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तोपर्यंत बार बॉडीची जागा गुणसूत्र तपासणीने आणि मुख्यतः सोनोग्राफीने घेतली होती. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ होती.

अध्यापन व ग्रंथलेखन

बार यांची ख्याती संशोधक म्हणून असली, तरी त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग अध्यापनात गेला. वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते प्रामुख्याने चेतासंस्थेची रचना शिकवत. मानवी चेतासंस्थेवरील त्यांचे पाठ्यपुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील आवृत्त्यांत जॉन कीर्नन हे त्यांचे सहलेखक झाले आणि बार यांच्या मृत्यूनंतरही पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. आपल्या विद्यापीठातील वैद्यकीय शिक्षणाच्या शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनी लिहिला.

सन्मान

१९६२ मध्ये बौद्धिक अक्षमतेविषयीच्या संशोधनासाठी जोसेफ पी. केनेडी ज्युनियर प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हस्ते मिळाला. १९६३ मध्ये त्यांना गेर्डनर पुरस्कार देण्यात आला. १९६८ मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा हा नागरी सन्मान त्यांना लाभला, तर १९७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते सदस्य झाले.

मृत्यू व वारसा

४ मे १९९५ रोजी ऑन्टॅरिओतील लंडन येथे वयाच्या ८६ व्या वर्षी बार यांचे निधन झाले.

लिंग ठरवण्याची चाचणी म्हणून बार बॉडी आज मागे पडली आहे, परंतु जनुके कशी बंद केली जातात याच्या अभ्यासात तिचे स्थान कायम आहे. एक्स गुणसूत्र निष्क्रिय करण्याची प्रक्रिया सुरू करणारे 'झिस्ट' हे जनुक १९९१ मध्ये सापडले. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात जगातील पहिले क्लोन मांजर जन्मले. त्याची जनुकदाती तिरंगी मांजरी होती. क्लोनच्या अंगावर मात्र केशरी रंग उमटला नाही. ज्या एका पेशीपासून ते तयार झाले, तिच्यातील केशरी आवृत्तीचे एक्स गुणसूत्र आधीच निष्क्रिय झालेले होते आणि ते तसेच राहिले. जनुके तीच असूनही रंग तोच येत नाही, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

केशरी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे हे शतकभर ठाऊक असूनही ते नेमके कोणते, हे अज्ञात होते. जपानमधील क्यूशू विद्यापीठ आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे त्याचा शोध लावला आणि २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. 'एआरएचजीएपी ३६' या जनुकाजवळील डीएनएचा सुमारे ५,००० अक्षरांचा तुकडा गळाल्यामुळे ते जनुक रंगपेशींत सक्रिय होते आणि काळ्याऐवजी केशरी रंगद्रव्य तयार होते, असे त्यांनी दाखवले. हे जनुकही निष्क्रिय एक्स गुणसूत्रावर बंद राहते, असे जपानी गटाला आढळले. बार यांच्या ठिपक्याच्या आधारे १९६१ मध्ये मांडल्या गेलेल्या स्पष्टीकरणाला त्यामुळे जनुकाच्या पातळीवर पुष्टी मिळाली.